जर्मनीत मास्टर्स करताना वर्कस्टुडंटच्या पगारावर दुसरं वर्ष निघतं का?

कोथरूडचा_मेकॅनिकल
नमस्कार. इंजिनिअरिंग पुण्यातच झालं, सध्या चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला मेकॅट्रॉनिक्सच्या मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळाली आहे, कोर्स इंग्रजीत. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते) ११,९०४ युरो कर्जातून भरतोय. प्रश्न दुसऱ्या वर्षाचा आहे. आमच्या कन्सल्टंटने बाबांना सांगितलंय की पहिल्या सेमिस्टरपासूनच वर्कस्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायची अर्धवेळ नोकरी लागते, त्यात दुसरं वर्ष निघतं आणि वर कर्जाचा हप्ताही जातो. बाबा मार्चमध्ये रिटायर होतायत, त्यामुळे मला हे नीट समजून घ्यायचंय. वीस तासांचा नियम खरा की १४० दिवसांचा? इंटर्नशिप आणि वर्कस्टुडंट एकच का? जर्मन ए-२ (भाषेच्या सहा पातळ्यांतली दुसरी) झालंय, पुढे शिकायची गरज आहे का?

नेकारकाठची
मी मूळची धायरीची. श्टुटगार्टजवळ मास्टर्स केलं, वर्कस्टुडंट म्हणून जिथे लागले तिथेच आता टेस्ट बेंचवर नोकरी करते.

दोन्ही नियम खरे आहेत. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस ही तुझ्या रेसिडन्स परमिटची मर्यादा. मार्च २०२४ पूर्वी ती १२० आणि २४० होती. कार्डासोबत हिरवा कागद मिळतो, त्सुझात्सब्लाट म्हणतात त्याला. कामाच्या परवानगीच्या अटी त्यावर असतात, एचआरवाले त्याची कॉपी मागतात. चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात धरतात. वीस तासांचा संबंध विम्याशी आहे: लेक्चर चालू असताना आठवड्याला त्याच्या आत राहिलास, तर पगारातून आरोग्य आणि बेरोजगारी विमा कापला जात नाही, पेन्शनचे ९.३ टक्के तेवढे जातात. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा तुझा तुलाच भरायचा. असा वीस तासांचा आठवडा अडीच दिवसांचा धरता येतो, म्हणजे वर्षभर केलंस तरी १३० दिवसच होतात. युनिव्हर्सिटीतच प्रोफेसरकडे हिवी (विद्यार्थी सहाय्यक) म्हणून काम मिळालं तर ते दिवस यात मोजतही नाहीत.

आता पैसे. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. वीस तासांचे महिन्याला बाराशेच्या आसपास, पेन्शन जाऊन अकराशेच्या थोडे आत. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ मिळतात, त्यावरून अंदाज कर. राहणं-खाणं भागेल, हप्ता भागणार नाही. आणि हे नोकरी असेल तेव्हाचं. पहिल्या सेमिस्टरला नोकरी लागेलच असं धरून घरात कुणीही कशावरही सही करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. सुरुवातीचे महिने घर शोधण्यात, पत्त्याच्या नोंदणीत आणि नव्या पद्धतीचा अभ्यास समजण्यात जातात, मग लगेच परीक्षा येतात.

माझ्या इंटरव्ह्यूत मार्कांबद्दल चकार शब्द निघाला नाही. टीमलीडने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, पंपाच्या टेस्टचा ग्राफ दाखवला आणि विचारलं, इथे प्रेशर एकदम खाली का आलंय? मी म्हटलं, फ्लोची रेषा सरळ आहे, पंप खरंच बसला असता तर तीही पडली असती, आधी सेन्सरचा कनेक्टर बघते. हे सगळं जर्मनमध्ये. इंग्रजी कोर्सवाल्यांची गाडी नेमकी इथे अडते. तू चाकणला क्वालिटीत आहेस ही मोठी जमेची बाजू आहे. आठ-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण शोधून उपाय मांडणारा), पीपॅप (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया), यातलं जे स्वतःच्या हाताने केलंयस ते सीव्हीत सविस्तर लिही.

इंटर्नशिप वेगळी. कोर्सच्या नियमावलीत ती सक्तीची असेल तर तिचे दिवस १४० मध्ये धरत नाहीत, पण किमान वेतनही लागू होत नाही. ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांपुढे गेली की पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. म्हणून कितीतरी जाहिरातींत लांब मुदतीसाठी सक्तीच्या इंटर्नशिपवालेच मागतात. शिवाय सहा महिने पूर्णवेळ ऐच्छिक केलीस आणि एकेक दिवस मोजला, तर वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस तिथेच संपतात. तुझ्या कोर्सची नियमावली आज उघडून बघ.

सदाशिवपेठ_डॉइच
मी जर्मन शिकवते. ए-२ वर थांबू नकोस, बी-१ इथूनच करून जा. रानडे इन्स्टिट्यूट असो की बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन, जिथे बॅच मिळेल तिथे बस. तिथे गेल्यावर शिकू म्हणणाऱ्या मुलांना अभ्यासातून वेळच मिळत नाही, ती मला तिकडून मेसेज करून साहित्य मागतात. परीक्षेच्या उत्तरांपेक्षा फोनवर बोलायचा सराव जास्त कर. आणि कारखान्यात काम सुरू करण्याआधी सुरक्षेच्या सूचना देतात, त्या न समजता सही करणं धोक्याचं आहे.

चिंचवडचे_काका
मुलगी तिकडे शिकून आली, म्हणून लिहितो. बाबांना सांग, बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्जात कोर्स संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू होतो, त्यामुळे शिकता शिकता हप्ता भरण्याचा प्रश्नच येत नाही. व्याज मात्र चढत राहतं. आम्ही ते दर महिन्याला इथूनच भरत होतो, त्याने पुढचं ओझं पुष्कळ हलकं झालं. कर्ज दोन्ही वर्षांच्या खर्चाचं मंजूर करून घ्या. दुसऱ्या वर्षी गरज पडली नाही तर ती रक्कम उचलायची नाही, इतकं सोपं आहे. पोराने परीक्षेच्या आदल्या रात्री गोदामात खोकी उचलावीत अशी वेळ आणू नका.

कोथरूडचा_मेकॅनिकल
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा मेसेज बाबांना वाचून दाखवला, सोमवारी आम्ही दोघं बँकेत जातोय. ताई, नियमावली बघितली. माझ्या कोर्सला सक्तीची इंटर्नशिप नाही. मग काय करू?

नेकारकाठची
मग सहा महिन्यांच्या जाहिरातींमागे लागू नकोस. पहिल्या सेमिस्टरला हिवीसाठी प्रोफेसरांना भेट, दुसऱ्यापासून वर्कस्टुडंटसाठी अर्ज टाक आणि मास्टर्सचा प्रबंध कंपनीत करायचा प्रयत्न कर. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं, तेव्हा कंपनीतली ओळख उपयोगी पडते. सीव्ही तयार झाला की इथेच टाक, नाव-पत्ता काढून. मी जर्मन तपासून देईन.

सदाशिवपेठ_डॉइच
मलाही दाखव.