दिवाळीनंतरचा थकवा: देवीला श्रमनिद्रा, मग घरातल्या बाईला का नाही?

मांजराकाठ (लातूर):
तुळजापूरला दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की आई भवानीला पलंगावर निजवतात. महिषासुराशी लढून दमलेली देवी कोजागरीपर्यंत झोपते, ही तिची श्रमनिद्रा. त्याआधी घटस्थापनेपूर्वी घोरनिद्रा असते आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. म्हणजे वर्षातून तीनदा देवीची झोप आपल्याकडे रीतसर ठरलेली आहे, आणि तिच्यात कुणी खंड पाडत नाही.

घरातल्या बाईचं काय? भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, फुलोरा. त्यानंतर पितरपाटा. मग दसरा काढायचा, म्हणजे घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, सतरंजी धुवायची. भिजलेली वाकळ पिळायला दोन बाया लागतात, एकटीच्या हाताला ती उचलत नाही. घट उठले की दिवाळीचा फराळ. चकली तळताना कढईसमोर तीन-तीन तास उभं राहायचं, तेलाचा वास नाकातून जात नाही, संध्याकाळी स्वतःला जेवावंसं वाटत नाही. भाऊबीज झाली की पाव्हणे जातात आणि हिच्या पोटऱ्या दुखत राहतात.

माझं म्हणणं सरळ आहे. भाऊबीजेनंतर निदान तीन-चार दिवस बाईची विश्रांती सणाचाच भाग म्हणून धरावी. स्वयंपाक साधा, तोही दुसऱ्याच्या हातचा.

रब्बीवाला (परभणी):
ताई, तुमची तळमळ पटते, पण हे गावात चालणार नाही. दिवाळी आपल्याकडं कोणत्या टायमाला येते ते बघा. सोयाबीनची मळणी राहिलेली असते, कापूस फुटून लोंबायलेला असतो, बागायती हरभऱ्याची पेरणी उरकायची असते. जमिनीतली वल (ओल) गेली की उगवण गेली. त्या आठवड्यात मजूर शोधून सापडत नाही, घरची चार माणसंच राबतात. बाप्या माणसाला तरी कुठं सुट्टी आहे?

अन् नुसतं पडून राहून अंग जास्तच जड होतं, हा आमच्या घरातला अनुभव आहे. शेतात गेलं, उन्हात फिरलं, घाम आला की दोन दिवसांत माणूस रुळावर येतं.

गोदाकाठची (नांदेड):
दादा, हिंडल्याफिरल्यानं बरं वाटतं हे खरं. पण कापूस वेचणं म्हणजे फिरणं नव्हे. दिवसभर कमरेत वाकायचं, कमरेला ओटी बांधलेली, बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली. ज्या कंबरेनं दिवाळी काढली त्याच कंबरेवर हे येतं. बाप्याला मळणीहून आल्यावर हातात तांब्या मिळतो. तिला आल्यावर चूल मिळते. फरक एवढाच आहे आणि तो लहान नाही.

बालाघाटी (बीड):
विश्रांती तर रूढीत आहेच की. लेक दिवाळीला माहेरी जाते ती कशाला? आईच्या हातचं खायला, झोपायला. हे जपलं तरी पुष्कळ.

मांजराकाठ (लातूर):
@बालाघाटी, माहेरपण मलाही प्रिय आहे. पण लेक झोपते तेव्हा त्या घरातली सून उठून चार जास्तीची ताटं वाढत असते. एकीचा थकवा दुसरीच्या अंगावर गेला, कमी झाला नाही. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या तुमच्याच जिल्ह्यातल्या बाया? दिवाळीच्या आगंमागं त्यांचा संसार ट्रॅक्टरवर चढतो. त्यांचं माहेर कोणतं?

बालाघाटी (बीड):
ऊसतोडीचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

संभाजीनगरकर:
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आधी मरेस्तोवर राबायचं आणि मग विश्रांती मागायची, हा क्रमच मला मान्य नाही. फराळाचे दहा पदार्थ कशाला लागतात? आम्ही घरी तीनच करतो: चिवडा, शंकरपाळे, लाडू. अनारसे बचत गटाच्या बायांकडून घेतो, त्यांना दोन पैसे मिळतात. दसऱ्याला जाड पांघरुणं धुलाईवाल्याकडं देतो. बायको दिवाळीत आमच्यासोबत बसून गप्पा मारते. शिणवटाच नाही, तर तो काढायचा कशाला?

गोदाकाठची (नांदेड):
शहरात, चौघांच्या घरात, हातात पगार असताना हे जमतं. एकत्र कुटुंबात "यंदा महालक्ष्म्यांना भाज्या कमी करू" असं धाकट्या सुनेनं म्हणून बघावं. काम कमी करायचा शब्द सासूच्या किंवा सासऱ्याच्या तोंडून निघाला तरच चालतो. म्हणून ज्यांचं घरात ऐकलं जातं त्यांनीच तो काढावा. माझ्या सासूबाईंनी काढला, त्याचं मोल मला रोज वाटतं.

नांदेडची डॉक्टर:
एक गोष्ट सगळ्यांच्याच बोलण्यातून सुटतेय. दिवाळीनंतर माझ्याकडं येणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणी "सणाची दगदग झाली" म्हणतात, आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन आठ-नऊ निघतं. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान बारा हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांत रक्त कमी आढळलं. हा थकवा चार दिवस झोपून जात नाही आणि शेतात फिरूनही जात नाही. दोन-तीन आठवडे उलटूनही जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील, तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा. भाजीवर लिंबू पिळा.

झोपेबद्दल: जागरणं झाली असतील तर रात्री लवकर आडवं व्हा, पण उठायची वेळ रोज एकच ठेवा. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप बिघडते. आणि डिटॉक्सच्या नावानं विकले जाणारे काढे-पावडरी घेऊ नका. अंगातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत. गोडधोडानंतर ज्वारीच्या कण्या आणि ताक, वरण, पालेभाजी, भरपूर पाणी एवढं पुरतं.

रब्बीवाला (परभणी):
डॉक्टरताई, रक्ताचं पटलं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, या आठवड्यात घरातल्या दोघींना घेऊन जातो. पण विश्रांतीच्या दिवसांवर माझं मत तेच. तुळशीचं लग्न झाल्यावर, पेरणी उरकल्यावर द्या सुट्टी. भाऊबीजेनंतर लगेच नाही परवडत.

मांजराकाठ (लातूर):
तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, मग येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, येते. त्या दिवशी आपण सगळे शेतात बसून आंबील पितो, मिश्र भाज्यांची भज्जी खातो, आणि ती भज्जी शिजवायला बाया आदल्या रात्रीपासून जाग्या असतात. पुढं ढकललेली विश्रांती आमच्या भागात कोणत्याच बाईला मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. भाऊबीजेनंतरचेच दिवस धरा. हरभरा आता ट्रॅक्टरनं पेरला जातो, तिफणीच्या चाड्यात मुठीनं बी सोडायला बाई लागत नाही. कापूस वेचायला ती लागणारच असेल, तर त्या चार दिवसांच्या भाकरी घरातल्या पुरुषांनी थापाव्यात.

रब्बीवाला (परभणी):
भाकरी मला येत नाही. खिचडी येते. तेवढी चार दिवस करतो, पण वेचणी थांबवणार नाही.