मदत हवी आहे: बाळ येतंय आणि होमस्कूलिंगही सुरू करायचंय, दोन्हीचा मेळ कसा घातलात?

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न विचारते, मग सविस्तर सांगते. मोठी मुलगी ७ वर्षांची, दोन वर्षं शाळेत गेली, आता तिला घरीच शिकवायचं आम्ही ठरवलंय. धाकटा ३ वर्षांचा. आणि तिसरं बाळ पोटात, ३३ वा आठवडा चालू आहे. ज्यांनी होमस्कूलिंग करता करता बाळंतपण काढलंय त्यांना विचारायचंय की तुम्ही अभ्यास बाळ यायच्या आधीच सुरू केलात की नंतर, आणि ते पहिले दोनेक महिने मोठ्या मुलांचं दिवसभर नक्की काय चालू होतं?

होमस्कूलिंग का, हा विषय इथे नको प्लीज, खूप विचार करून ठरवलंय आणि नियमाप्रमाणे जे अर्ज आणि कागद द्यायचे तेही देऊन झालेत. (जे नुसता विचार करताय त्यांनी हे काम सगळ्यात आधी करा, प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, कुठे नुसतं कळवलं की झालं, कुठे दरवर्षी तपासणी, कुठे परवानगीच नाही.)

तर हा वीकेंड आम्ही तयारीसाठी राखून ठेवला होता. मुलीचा अभ्यासाचा कोपरा लावायचा, बाळाची कॉट जोडायची, हॉस्पिटलची बॅग भरायची आणि रात्री मुलं झोपली की मी आणि नवऱ्याने बसून टाइमटेबल करायचं, एवढंच. पण शनिवारी सकाळीच नणंदेचा फोन की आम्ही येतोय दोन दिवस, आणि ती तिच्या दोन मुलांना घेऊन आली, मला खरंच आनंद झाला कारण बाळ झाल्यावर निवांत भेट कधी होईल कोण जाणे. पण चार मुलं एका घरात म्हणजे कपाटातून काढलेली पुस्तकं पुन्हा कपाटात जाईपर्यंत त्यांचं घर झालं, दुकान झालं, बस झाली. त्यात दुपारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस, तिला सोडायचं आणायचं, आणि धाकटा झोपेला आलेला.

कॉट मात्र जोडून झाली आणि तीच गोष्ट मला नीट सांगायचीय कारण त्यातूनच माझा प्रश्न निघाला. नवऱ्याने खोक्यातले सगळे स्क्रू फरशीवर ओतले. कोणी काही सांगितलं नाही तरी मुलीने ते लांबीप्रमाणे लावायला घेतले, मग तिच्या लक्षात आलं की सारख्याच लांबीच्या दोन ढिगांमधल्या एकाचं टोक चपटं आहे, म्हणून तिने पुन्हा वेगळे केले, मग माहितीपत्रकातली चित्रं बघून कुठल्या पायरीला किती लागणार ते मोजलं आणि बाबाला म्हणाली, आठ हवेत आणि आपल्याकडे सातच आहेत. आठवा खोक्याच्या घडीत अडकलेला निघाला. तो सापडल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता! पाऊण तास ती जागची हलली नाही. मग बाळाचे कपडे घड्या घालायला बसली तर लेबलवर ०-३ महिने, ३-६ महिने असं लिहिलेलं, तिने विचारलं की बाळ बरोब्बर ३ महिन्यांचं झालं की कुठल्या ढिगातलं घालायचं? मला उत्तर देता येईना. दोन्ही ढिगांच्या मधे तिने एक तिसरा ढीग केला.

आता एवढं शिकणं आपसूक होताना बघितल्यावर मी केलेलं सोमवार ते शुक्रवार, तासातासाचं टाइमटेबल हातात घ्यायलाही नको वाटतंय. पण दुसरीकडे भीतीही आहे, की काहीच न ठरवता बाळ आलं तर पुढचे कितीतरी दिवस अभ्यास म्हणून काही होणारच नाही. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, दोन बाळंतपणांत ते अनुभवलंय, पण तेव्हा कोणाला शिकवायचं नव्हतं. आता मी पाजायला बसले की मुलगी वही घेऊन येणार, धाकट्याला नेमकं तेव्हाच शू लागणार, आणि बाळ जेमतेम झोपतंय तोवर तिघांपैकी कोणीतरी रडणार.

अजून एक, सासूबाई मदतीला येणार आहेत आणि त्यांचा जीव आहे मुलांवर, पण त्यांच्या मते अभ्यास म्हणजे पाढे, शुद्धलेखन आणि एका जागी बसणं. त्यांना मुलीला शिकवायचंय. मला त्यांचा उत्साह मोडायचा नाहीये पण शाळेतून काढून घरी पुन्हा तेच नको. त्यांच्याकडे काय सोपवू म्हणजे दोघींना आनंद होईल?

आणि नवऱ्याची रजा. सलग घ्यायची की तोडून? तो म्हणतो पहिल्या दिवसापासून सलग.

रविवारी रात्री पाहुणे गेल्यावर बॅग भरायला घेतली, अर्धीच भरून झालीय. कृपया स्वतःचा अनुभव लिहा, काय जमलं नाही तेही लिहा.

प्रतिसाद

ताई, आधी अभिनंदन! माझी चार मुलं, चौघंही घरीच शिकली, धाकटी दोघं होमस्कूलिंग चालू असतानाच झाली. पहिली गोष्ट, मुलगी शाळेतून नुकतीच बाहेर पडलीय तर तिला थोडी मोकळीक हवीच. आमच्यात त्याला डीस्कूलिंग म्हणतात आणि ढोबळ हिशोब असा की शाळेच्या एका वर्षाला एक महिना. शास्त्र वगैरे नाही, अनुभवाने पडलेली रीत आहे. तुमच्या हिशोबाने दोन महिने, म्हणजे ते तुमच्या बाळंतपणावरच येतायत, उलट बरंच झालं. त्या काळात अभ्यास बुडला असं मनात आणूच नका.

पण पूर्ण मोकळं सोडू नका, दोन सवयी आत्ताच लावा, बाळ यायच्या आधी. एक म्हणजे रोज तुम्ही मोठ्याने वाचायचं आणि मुलांनी ऐकायचं. हे पाजतानाही करता येतं, पुस्तक उशीवर टेकवायचं आणि पानं मुलीने उलटायची. माझ्या तिसऱ्याच्या वेळी आमची जाडजूड पुस्तकं संपली ती सगळी दूध पाजतानाच. दुसरी म्हणजे रोज थोडं गणित, १५ मिनिटं, घड्याळ लावून, जास्त नाही. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लहान मुलांसाठी छोट्या छोट्या धड्यांवरच भर दिला होता आणि ७ वर्षांच्या पोराला ते खरंच पुरतं. एकास एक शिकवताना वर्गातला कितीतरी वेळ वाचतो, हजेरी नाही, रांगा नाहीत, तीस जणांच्या वह्या तपासणं नाही.

प्रतिसाद

मोठीपेक्षा धाकट्याचा विचार करा असं मी म्हणेन. ३ वर्षांचं मूल बाळ आल्यावर बऱ्याचदा मागे जातं, शू-शी सुटलेली परत कपड्यात होते, बाटली मागतं, कडेवरून उतरत नाही. रागावू नका, काही आठवड्यांत जातं. आम्ही एक टोपली केली होती जी फक्त मी पाजायला बसले की खाली यायची, पाजून झालं की परत वर. त्यात काही खास नव्हतं, झाकणं लावायचे डबे, मोठे मणी ओवायला, चिमटे, एक टॉर्च. पण रोज समोर नसल्यामुळे त्याची ओढ टिकली. मणी मोठेच घ्या हं, बाळ रांगायला लागलं की टोपलीतलं सगळं पुन्हा बघावं लागतं.

प्रतिसाद

एका बाबाचा अनुभव लिहितो. रजा तोडून घ्या. आमच्याकडे पहिल्या दोन आठवड्यांत आजी होती, मावशी होती, बाळ बहुतेक वेळ झोपलेलं, आणि मी घरात तसा रिकामाच होतो. मग सगळे गेले, माझी रजा संपली, आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली, कारण बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि मग हळूहळू कमी होतं. तेव्हा बायको एकटी होती, तीन मुलं घेऊन. दुसऱ्या वेळी आम्ही सुरुवातीला एक आठवडा आणि सासूबाई गेल्यावर उरलेली सगळी अशी विभागणी केली. सिझेरियन झालं किंवा मदतीला कोणी नसेल तर मात्र सुरुवातीलाच जास्त लागेल, म्हणून ऑफिसात आधी बोलून तारखा मागेपुढे करायची सोय ठेवा. ड्यू डेटच्या दिवशी जेमतेम वीसातलं एक बाळ जन्मतं. आणि बॅग या आठवड्यात पूर्ण भरा, पुढच्या वीकेंडवर ठेवू नका.

प्रतिसाद

मी थोडं वेगळं सांगते. वरचं सगळं पटतं, पण आमच्या मुलाला मोकळीक झेपली नाही. त्याला दिवसाचा क्रम लागायचा. बाळामुळे सगळं घर बदललं, आई थकलेली, आणि त्यात अभ्यासही नाही म्हटल्यावर तो सैरभैर झाला. आम्ही परत क्रम लावला आणि तो शांत झाला. क्रम म्हणजे वेळा नव्हेत. उठणं, आवरणं, वाचन, गणित, बाहेर, एवढंच, चित्रं काढून भिंतीवर लावलं. बाळ दहाला उठो की अकराला, वाचनानंतर गणित हे ठरलेलं. तुमच्या मुलीने स्क्रू ज्या पद्धतीने लावले ते वाचून मला वाटलं की तिलाही क्रम आवडत असेल. तिलाच विचारा ना, तो तक्ता तिच्याकडूनच करून घ्या.

प्रतिसाद

सासूबाईंबद्दल लिहिते, मी स्वतः आजी आहे. सुनेने मला "तुम्ही शिकवू नका" असं सांगितलं असतं तर मला फार लागलं असतं. तिने काय केलं, मला म्हणाली आई, तुमच्या लहानपणच्या गोष्टी तिला सांगा आणि ती त्या लिहून काढेल. झालं, रोज दुपारी आमची बैठक. नात लिहायची, मी शुद्धलेखन बघायचे, नकाशात गाव शोधायचो, तेव्हा मी किती वर्षांची होते याची वजाबाकी करायचो. माझी हौस फिटली आणि तिचं लेखन सुधारलं. पाढेही झाले बरं का, पण चालता चालता, जिना चढताना. तुमच्या सासूबाईंना एक ठरलेला तास द्या, तो पूर्ण त्यांचा, त्यात तुम्ही डोकावू नका.

आणि पाहुण्यांचं जरा बघा. नणंद, तिची मुलं, प्रेमाची माणसं आहेत, पण बाळ झाल्यावर पहिले काही आठवडे सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये हे नवऱ्याने त्याच्या बहिणीला आत्ताच सांगून ठेवावं. पोरांना आल्याबरोबर हात धुवायला लावा. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी वाट बघायची नसते, लगेच डॉक्टर. तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. रजेचं त्याला लगेच पटलं, उद्या ऑफिसात बोलणार आहे. तासातासाचं टाइमटेबल रद्द. आत्तापासून वाचन आणि गणित एवढंच, बाकी बाळ दोनेक महिन्यांचं झालं की बघू.

क्रमाच्या तक्त्याबद्दल मुलीला विचारलं तर तिने लगेच कागद घेतला आणि पहिलाच प्रश्न, यात बाळाचं चित्र कुठे काढू? मी म्हटलं तूच ठरव. तिने बाळ प्रत्येक चौकटीत काढलं, वाचनात, गणितात, बाहेर जातानासुद्धा. धाकट्याला एकाच चौकटीत काढलं म्हणून तो रुसला, मग त्यालाही सगळीकडे काढावं लागलं.

आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना फोनवर वाचून दाखवू का? तुम्ही लिहिलंय ते मी सांगण्यापेक्षा तुमच्याच शब्दांत त्यांना जास्त पोचेल असं वाटतं. आणि टोपलीवाल्या ताई, मणी सोडून ३ वर्षांच्या मुलाला जास्त वेळ गुंतवणारं अजून काय ठेवलं होतंत ते लिहाल का? चिमटे आमच्याकडे पाच मिनिटांत संपतात.