टाटा १६१३: हेडचं काम झालं, आता गाडी स्टार्टच घेईना. सल्ला द्या

घाटवाट: मंडळी, जुनी १६१३ ट्रक आहे, सहा सिलिंडर टर्बो, डिझेलचा साधा इनलाइन पंप. पाणी खात होती म्हणून इंजिनचं हेड उतरवलं. प्लेनिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नवं गॅस्केट झालं. पंपही कॅलिब्रेशनला दिला होता. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही. मिस्त्री म्हणतो पंप परत उतरवू, पंपवाला म्हणतो हेडात बघा. तिकडे पिंपळगावला कांदा भरायचा खोळंबलाय. आधी काय बघू?

काळा_धूर: दादा, आधी कुणालाच काही उतरवू देऊ नका. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. धूरच नाही म्हणजे नोझलपर्यंत डिझेल येत नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही, मग टायमिंग (डिझेल सुटायची वेळ) चुकलंय नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी आहे.

घाटवाट: धूर अजिबात नाही.

काळा_धूर: मग एअर धरलीय, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय. पण त्याआधी पंपाचा स्टॉप लिव्हर (इंजिन बंद करायला डिझेल तोडणारा) बघा, केबल जोडताना ओढलेलाच राहतो बऱ्याचदा. तो ठीक असेल तर फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप मारा. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पंपावरच्या स्क्रूलाही तसंच. शेवटी दोन नोझलचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळलं की आवळा. हात लांब ठेवा, प्रेशरची धार कातडीत घुसते.

बुडबुडे थांबतच नसतील तर लीक टाकी ते फीड पंप या नळीत. तिथे हवा आत ओढली जाते, बाहेर थेंब पडत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. नळीच्या जोडांवर तांब्याचे वॉशर जुनेच टाकलेत का ते विचारा.

रिकामा_टँकर: आणि एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावू नका, मिस्त्री कितीही म्हणू दे. नव्या हेडाची वाट लागेल.

नवा_मालक: माझी बीएस-६ आहे. नट सैल करायची युक्ती चालेल?

काळा_धूर: मुळीच नाही! तिच्यात कॉमन रेल असते, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणारी एकच नळी, आणि त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं. स्कॅनर लावा, सेल्फ मारताना रेल प्रेशर चढतं का बघा.

घाटवाट: वॉशर जुनेच निघाले. बदलले, सलग धार आली. आता पांढरा धूर भरपूर, एखादा ठोका देते आणि बसते.

काळा_धूर: आता टायमिंग. क्रँकचे दोन फेरे म्हणजे पंपाचा एक. त्यामुळे फ्लायव्हीलची खूण जुळली तरी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनलाच आहे असं नाही. टॅपेट कव्हर काढा. पंप पहिल्या सिलिंडरच्या खुणेवर असताना पहिल्याचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) ढिले हवेत, सहाव्याचे दाबलेले. उलट दिसलं तर पंप अर्धा फेरा चुकून बसलाय. पंपाचं इंजिनशी जोडलेलं कपलिंग सोडा, क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा, परत जोडा. टॅपेट गॅपही (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) बघून घ्या. टॅपेट आवळून ठेवले असतील तर व्हॉल्व्ह बसत नाहीत, कॉम्प्रेशन कुठून येणार?

घाटवाट: पहिल्याचे दाबलेले, सहाव्याचे ढिले! कपलिंग फिरवून जोडलं, लगेच उचललं. थोडी मिसिंग आहे, मधूनच ठोका चुकते.

काळा_धूर: उरलेली एअर असेल, जाईल. पंपवाल्याकडून टायमिंग बारीक सेट करून घ्या. हेडचे बोल्ट गरम झाल्यावर परत आवळायचे का, ते गॅस्केटच्या पाकिटावर बघा, मगच कांदा भरा.