मदत हवी आहे: उन्हाने वाकलेली सात इंची तबकडी

मी जळगावला राहतो आणि हार्डकोअर पंक या वेगवान, आक्रमक रॉक संगीताच्या ग्रामोफोन तबकड्या जमवतो. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडची १९८१ सालची, आठ गाण्यांची सात इंची तबकडी मी मागवली होती. परंतु मे महिन्याच्या उन्हात ते पार्सल दुपारभर कुरिअरच्या गाडीत तापले आणि तबकडीची कड द्रोणासारखी वर आली. सुई त्या उंचवट्यावरून उडते, आणि जेमतेम मिनिटभराच्या गाण्यात अशी उडी म्हणजे अर्धे गाणेच गेले. दोन काचांमध्ये दाबून, मंद उष्णता देऊन ती सपाट करता येते असे ऐकले आहे, परंतु त्यात खाचाच बिघडतील अशी धास्ती वाटते. (उष्णतेपुरती आमची गच्ची पुरेशी आहे!) खानदेशात कोणी हे केले असल्यास वजन किती व किती वेळ ठेवावे, हे कृपया कळवावे.