मदत हवी आहे: नवीन मुलांना ४० मिनिटांत विद्यापीठ कसं समजावू?

खोडरबर
लोकहो, तातडीने मदत हवी. परवा नव्या मुलांचा पहिला दिवस. 'विद्यापीठाची ओळख व सोयीसुविधा' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षीच्या ६२ स्लाइड्स हातात दिल्यात. वेळ ४० मिनिटं. काय उडवू, काय ठेवू? आज रात्री फायनल करून द्यायचंय, त्यामुळे जरा पटापट.

शेवटचा_बाक
मुलं किती? पदवीची की पदव्युत्तर? वसतिगृहातली की रोज ये-जा करणारी? आणि तुम्ही कोण, शिक्षक की विद्यार्थी? काहीच लिहिलं नाहीये.

तिरपागडे
एका स्लाइडला ३८.७ सेकंद. माइक सुरू होईपर्यंत जाणारी पाच मिनिटं यात धरलेली नाहीत.

पुस्तकपाळ
ग्रंथालय उडवू नका, एवढी एकच विनंती. आणि ग्रंथालय दाखवायचं म्हणजे इमारतीचा फोटो नव्हे. पुस्तकाच्या पाठीवरचं लेबल वाचायला शिकवा. मी पहिल्या वर्षी ५३०.१२ क्रमांकाचं पुस्तक शोधत तासभर फिरलो. ५३०.४ सापडलं, म्हणून १२ त्याच्या पुढे असणार असं धरून पुढे पुढे जात राहिलो. ते मागच्या फळीवर होतं. तो दशांश आहे, ५३०.१२ आधी येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची ही पद्धत १८७६ साली छापली, तेव्हापासून पोरं अशीच हरवत असणार.

नेटकरी_नंबर_१
आजकाल कोण फळीवर पुस्तकं शोधतं? सगळ्यात आधी वायफाय. तुमच्याकडे एडुरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) असेल तर युजरनेममध्ये @ च्या पुढचा भागही टाकायला सांगा, निम्मी पोरं तिथेच अडकतात. तेच लॉगिन एडुरोम असलेल्या दुसऱ्या विद्यापीठातही चालतं, फक्त जाण्याआधी आपल्याच आवारात एकदा जोडून बघायचं.

पुस्तकपाळ
वायफाय मुलं स्वतःच शोधतात हो. तहान लागली की पाणी सापडतं.

नेटकरी_नंबर_१
तुम्हाला लेबल सापडलं नव्हतं ना?

खोडरबर
भांडू नका, प्लीज. १८० मुलं, पदवीचं पहिलं वर्ष, दोन्ही प्रकारची. मी तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या ७ स्लाइड्स इतिहास, पुढच्या ११ वर विभागप्रमुखांचे फोटो. एकावर 'ऑफिस अवर्स : मंगळ, गुरु ३ ते ४' एवढंच आहे. उडवू का?

झोपाळू
उडवू नका!!! मी पहिलं अख्खं सत्र समजत होते की त्या वेळात सर ऑफिसात *कामात* असतात, म्हणून त्रास द्यायचा नाही. नेमकी ती वेळ टाळून जायचे आणि दाराला कुलूप बघून परत यायचे. तो तास विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेला असतो, हे दुसऱ्या वर्षात कळलं. त्या स्लाइडवर एकच वाक्य टाका : या वेळात दार वाजवा, एखादं न सुटलेलं गणित घेऊन गेलात तरी चालतं.

विंडोशॉपर
नवीन मुलांनी लॅपटॉप १६ जीबी रॅमचाच घ्यावा. ८ मध्ये चार वर्षं निघणार नाहीत.

शेवटचा_बाक
विचारलंय काय, सांगताय काय!

काटकसरी_काकू
लॅपटॉप हवाच कशाला? हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं. म्यूलर आणि ओपेनहाइमर यांचा २०१४ चा अभ्यास आहे.

तिरपागडे
काकू, तो प्रयोग २०१९ मध्ये दुसऱ्यांनी परत करून पाहिला, तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मावशी_समुपदेशक
मी याच क्षेत्रात आहे. सभागृहात 'कुणाला समुपदेशनाची गरज आहे?' असं विचारू नका, एकही हात वर येत नाही. ज्याला गरज आहे तो तर येतच नाही. पत्ता, वेळ आणि अपॉइंटमेंट कशी घ्यायची ते छापून *सगळ्यांच्या* हातात द्या, म्हणजे कुणीच वेगळं पडत नाही. दुसरं, अपंगत्वामुळे ज्यांना परीक्षेत जादा वेळ लागतो त्यांना पहिल्याच आठवड्यात अर्ज करायला सांगा. परीक्षेच्या तोंडावर धावपळ केली तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

जुनाजाणता
मुळात ४० मिनिटांत हे होतच नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून यासाठी 'युनिव्हर्सिटी १०१' नावाचा स्वतंत्र विषय आहे. १९७० मध्ये तिथे विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला, त्यातून तो सुरू झाला.

खोडरबर
छान. मग परवापर्यंत विषय सुरू करतो. 😑

शेवटचा_बाक
चिडू नका. एक सांगा, ४० मिनिटांनंतर काय आहे? आणि तुम्ही एकटेच?

खोडरबर
नंतर तासभर मोकळा आहे. आम्ही १२ स्वयंसेवक. पण त्यांना फक्त दाराशी उभं करायचं ठरलंय.

शेवटचा_बाक
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं!! १२ जण म्हणजे एकेकाकडे १५ मुलं. सभागृहात दहा मिनिटं बोला आणि सोडा त्यांना बाहेर. उरलेल्या दीड तासात प्रत्येक गटाने तीनच कामं करायची : एक पुस्तक फळीवरून स्वतः काढायचं, वायफाय जोडायचं, समुपदेशन केंद्राचं दार बघून यायचं. आणि त्या १५ जणांचा एक ग्रुप करून गटाच्या स्वयंसेवकाला महिनाभर त्यात राहू द्या. खरे प्रश्न तिसऱ्या आठवड्यात येतात, पहिल्या दिवशी नाही.

पुस्तकपाळ
+१. पुस्तक ५३०.१२ च द्या.

नेटकरी_नंबर_१
वायफाय आधी, मग पुस्तक.

खोडरबर
पटलं. ६२ च्या ४ केल्या. आता ज्या मॅडमनी त्या ६२ बनवल्यात त्यांना कसं सांगू?

झोपाळू
त्यांच्या ऑफिस अवर्समध्ये जा.

खोडरबर (तीन दिवसांनी)
झालं एकदाचं. मॅडमनी इतिहासाच्या २ परत घालायला लावल्या. अकरा गट वेळेत आले. बारावा ग्रंथालयात अडकला, कारण ५३०.१२ त्यांच्या स्वयंसेवकालाच सापडेना. शेवटी पहिल्या वर्षाच्या एका मुलीने काढून दिलं.

पुस्तकपाळ
तिला पुढच्या वर्षी स्वयंसेवक करा.

विंडोशॉपर
लॅपटॉपचं काय ठरलं?