आधी शब्दार्थ, मग धडा?

मुलांना नवे शब्द शिकवताना धड्याआधीच दहा कठीण शब्द अर्थासकट फळ्यावर लिहावेत, असं म्हणतात; ते मला पटत नाही. 'विशाल म्हणजे मोठा' एवढंच पाठ केलेलं मूल 'माझा विशाल भाऊ' लिहितं, कारण शब्द कुठे शोभतो ते त्याने पाहिलेलंच नसतं. चार-पाचच शब्द घ्या. पहिलं वाचन न थांबता, दुसऱ्या वेळी शब्दापाशी थांबून एका वाक्यात अर्थ, मग मुलांची स्वतःची वाक्यं. तेच शब्द आठवडाभरात दोन-तीनदा पुन्हा यायला हवेत.

नागपुरात आणखी एक अडचण येते. घरी कोथिंबिरीला 'सांभार' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातला 'कोथिंबीर' हा शब्द अडतो. वस्तू त्याच्या ओळखीचीच असते, म्हणून तिथे व्याख्या नको. 'तुमच्या घरी काय म्हणता?' विचारून दोन्ही शब्द शेजारी लिहावेत. घरचा शब्द चूक ठरवून खोडला, की ते मूल पुढच्या प्रश्नाला हातच वर करत नाही.