मत्स्यपेटीत कोणते दगड ठेवावेत आणि फिल्टर कोणता घ्यावा?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या 60 लिटरच्या टाकीत निऑन टेट्रा सोडायचे आहेत. भाट्ये किनाऱ्यावरचे शिंपले, अंगणातला जांभा आणि नदीतले काळे गोटे सजावटीला चालतील का? फिल्टर किती क्षमतेचा घ्यावा?

उत्तर: शिंपले कृपया टाकू नका. ते चुन्याचे असल्याने हळूहळू विरघळून पाणी जड करतात आणि टेट्रांना ते मानवत नाही. बेसॉल्टचे काळे गोटे ब्रशने घासून निर्धास्त वापरा. शंका असलेल्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे फेसाळले, तर त्यात चुना आहे. दगड उकळू मात्र नका, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

उत्तर (मालवण): जांभा मी वापरला होता. दोन आठवड्यांत त्याच्या कडा झिजल्या, तांबडा गाळ स्पंजात बसला आणि फिल्टरची धार मंदावली.

उत्तर: ताशी 250 ते 300 लिटर पाणी फिरवणारा फिल्टर पुरेल. स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांची विष्ठा आणि कुजणारे खाद्य यांतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू त्यातच वाढतात आणि क्लोरीनने मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. हे जिवाणू स्थिरावण्यासाठी, रोज चिमूटभर खाद्य टाकत, चार ते सहा आठवडे फिल्टर अखंड चालू ठेवा आणि मगच मासे सोडा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. शिंपले आजच बाहेर काढतो.